समोर कोण बसतं?

शशी नाचणकरला स्वतःचं काम आवडल्याचं मी कधी पाहिलं नाही. दुसऱ्यांचं मात्र फार आवडायचं. पाचवीतल्या एखाद्या मुलीनं काढलेला वेडावाकडा कोंबडा हातात घेऊन ती स्टाफरूमभर फिरायची. "बघा गो, ह्याच्या पायांत काय ऐट आहे," म्हणत प्रत्येकीच्या उघड्या डब्यावर तो कागद धरायची. पण स्वतःच्या हातून काही झालं, की मान तिरकी करायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "हे कुठंतरी पाहिलंय." एवढं म्हटलं की त्या वस्तूचे दिवस भरलेच म्हणून समजा.

रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेत ती चित्रकलेची बाई आणि मी गणिताची. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत आमची टेबलं शेजारी शेजारी होती. घरंही एकाच आळीत, मध्ये फक्त चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. माझा स्वभाव तापट, तिचा थंडगार. मला पट्टीशिवाय सरळ रेघ मारता येत नाही, आणि तिला पट्टी कुठे ठेवली ते कधी आठवायचं नाही. अंगानं ती उंच, हाडापेरानं मोठी. हात चांगले रुंद, आणि नखांत बारा महिने शाडू. ब्रश पुसायला फडकं शोधायचे कष्ट तिनं कधी घेतले नाहीत, पदर होताच. कुठल्या साडीत कोणत्या घरच्या गणपतीचा पितांबर रंगवला ते तिच्या पदरावरून सांगता आलं असतं.

शाळेत मासिक सभा असायची. मोठ्या बाई हजेरीपटावर बोलायला लागल्या की आम्ही सगळ्या देहानं तिथं आणि मनानं घरच्या गॅसजवळ. शशी तेवढ्यात खडूचा एक तुकडा घ्यायची आणि केसांतला आकडा काढून टेबलाखाली काहीतरी कोरत बसायची. एकदा सभा संपता संपता तिनं मूठ माझ्यापुढे उघडली. तळहातावर मोठ्या बाई होत्या. बोराएवढं डोकं, पण रागावल्यावर त्या ओठ आत ओढून घेत तसे ओढून घेतलेले, आणि चष्म्यावरून बघणारी ती नजर. चष्मा कोरलेला नव्हता, तरी होता. माझ्या अंगावर काटा आला. मी रुमाल काढून ते डोकं त्यात घ्यायला हात पुढे केला, तोवर तिची मान तिरकी झालेली.

"हे कुठंतरी पाहिलंय," ती म्हणाली आणि तो खडू तिनं चपलेखाली चिरडला.

मी तिच्यावर एवढी ओरडले की शिपाई डोकावून गेला. "मोडायला काय तुझ्या एकटीचं होतं ते?"

"माझंच होतं की."

"आणि पाहिलंयस कुठे, ते तरी सांग."

"ते आठवत नाही गो. तेच तर वाईट आहे," ती म्हणाली, आणि चप्पल झटकून नववीच्या वर्गावर निघून गेली.

या वेडामागची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. हात कामात असले तरच शशी मनातलं बोलायची. एका रविवारी माझ्या मागच्या पडवीत आम्ही तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, साफ करत बसलो होतो, तेव्हा ते निघालं. मुंबईला कलाशाळेत शिकत असताना तिनं एक बाई केली होती. मातीतली, गुडघ्यावर बसलेली, मागे वळून पाहणारी. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लहानपणापासून पाहिलेली एक मासेवाली. तिची पाठ जमायला शशीला सगळा उन्हाळा लागला. मग सर आले, मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि कुणा परदेशी शिल्पकाराचं नाव घेऊन म्हणाले, "छान अभ्यास आहे तुझा त्यांचा." शशीनं ते नाव तोवर ऐकलेलंही नव्हतं. ती धावत ग्रंथालयात गेली, पुस्तक उघडलं, आणि तिची मासेवाली त्यात होती. दुसऱ्या देशातली, दुसऱ्या नावाची, पण तीच पाठ, तसंच वळून पाहणं.

"न बघताच चोरी केली मी," शशी म्हणाली. "बघून केली असती तर माफी तरी मागता आली असती."

"मग? पाठ काय एकाच बाईला असते का जगात?" मी म्हटलं.

ती हसली आणि तिसऱ्यांचं पाणी बदलायला उठली. मुंबईतल्या त्या वर्षीच तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, अर्धांगानं आजारी पडले. शशी रत्नागिरीला परत आली ती कायमची. शाळेत नोकरी धरली आणि घरची गणपतीची शाळाही. आमच्याकडे गणपती जिथं घडतात त्या जागेला शाळाच म्हणतात. म्हणजे तिला दोन शाळा होत्या, आणि दोन्हीकडे पोरंच सांभाळायची होती. ती गणपतींना घरांच्या नावानंच हाक मारायची. "हे जोशी अजून ओले आहेत, त्यांना वाऱ्याला ठेव," किंवा "पाटलांची सोंड पुन्हा तडकली मेली." नवखा माणूस ऐकून घाबरायचा.

आमच्याकडे गणपती दुकानातून निवडून आणायची रीत मुळात नाही. नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचे पाट शाळेत येतात. पाटावर आडनाव, बाकी निरोप एकच, "दरसालाप्रमाणे." दरसालाप्रमाणे म्हणजे तेवढीच उंची, तीच बैठक, पितांबराचा तोच रंग. आजोबांच्या वेळी लाल असेल तर नातवाच्या वेळीही लालच. साचे तात्यांनी केलेले, रंग तात्यांनी ठरवलेले. तात्या गेल्यावर लोक पाट ठेवताना एक वाक्य वाढवायला लागले, "डोळे तेवढे तात्यांसारखे हवेत हो." शशी मान हलवायची आणि पाटावर खडूनं खूण करायची.

ते डोळे आखायचे दिवस आले की ती वेगळीच बाई व्हायची. सकाळपासून चहा नाही, कारण चहानं हात हलतो. बोलणं नाही. पडवीला झडपा लावून फक्त पूर्वेकडची एक उघडी ठेवायची. मला तिथं बसायची मुभा होती, कारण मी कोपऱ्यात घटक चाचणीचे पेपर तपासत बसायचे आणि लाल पेनाची कुरकुर तिला चालायची. मूर्ती पाटासकट स्टुलावर घ्यायची, तोंडासमोर तोंड. आधी पांढरा. मग वरच्या पापणीची रेघ, ती एका श्वासात. श्वास सुटला की रेघ लटपटते, म्हणून तो ती आत धरून ठेवायची, आणि नकळत मीही धरायचे. मग बुबुळ. बुबुळ ठेवलं की कुंचला खाली ठेवून ती चटकन नजर दुसरीकडे वळवायची, एखाद्या परक्या माणसानं अचानक वर पाहावं आणि आपण ओशाळावं तशी. मी काही देवभोळी नाही. सोमवार-गुरुवारचे उपास माझ्याच्यानं कधी झाले नाहीत. पण दरवेळी माझं पेन थांबायचं. क्षणापूर्वी तिथं माती होती, आणि आता त्या पडवीत आम्ही तिघं होतो.

"शशी, कसं करतेस गो हे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"मी कुठे करते? तात्या करतात. मी नुसती गिरवते," ती म्हणाली. ती हे विनयानं म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ती ते अगदी हिशेब सांगावा तसं म्हणाली, आणि तिला त्याचं दुःख होतं.

वर्षं गेली तसं ते दुःख वाढत गेलं. शाळेतून आम्ही दोघी निवृत्त झालो आणि मोडायला खडूही राहिला नाही. माळ नाक्यावर बाहेरगावचे तयार गणपती टेम्पो भरभरून यायला लागले. तिच्याकडचे पाट थोडे कमी झाले, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. मग एका श्रावणात एक तरुण आला, मोबाईल तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काकी, यंदा असा करा. सेम टू सेम." फोटोत कुठल्याशा मालिकेतला पिळदार दंडांचा गणपती होता. शशीनं चष्मा लावून फोटो नीट पाहिला. चिडली नाही. त्याला चहा दिला, पाट परत दिला, आणि तो गेल्यावर मला हाक मारली.

"मंगल, हे शेवटचं वर्ष. शाळा बंद करतेय."

"त्या पोरट्यासाठी?"

"तो बरोबर बोलला. त्याला कुणाची तरी नक्कलच हवी आहे. मी तरी दुसरं काय देते? साचा तात्यांचा, माती गुजरातची, रंग डब्यातले, डोळे तात्यांचे. यात माझं काय आहे? पाठदुखी."

मी हसायला नको होतं, पण हसले. मग भांडले. मी म्हटलं, आळीतल्या प्रत्येक घरात आमटी होते, म्हणून कुणी कुणाची चोरली असं होतं का? ती म्हणाली, आमटी खाऊन संपते, हे लोक पाया पडतात. मी म्हटलं, तू वेडी आहेस. ती म्हणाली, असेन, पण गिरवून गिरवून माझा हात मला परका वाटायला लागलाय, सकाळी उठून त्याला शाळेत न्यावंसं वाटत नाही. शशी थकली असती तर मी समजू शकले असते. पण ज्या हातांकडे बघून मी आयुष्यभर तोंडात बोट घातलं, त्यांच्यावरूनच तिचं मन उडालं होतं. मी घरी येऊन कुकरवर राग काढला.

त्या वर्षी तिनं सगळे गणपती नेहमीसारखेच केले. हरतालिकेच्या दिवशी सकाळपासून माणसं न्यायला आली. मूर्तीच्या तोंडावर कोरा रुमाल टाकायचा, घरच्या उंबऱ्यावर पायांवर पाणी घालून ओवाळल्यावरच तो काढायचा, अशी रीत आहे. शशी रुमाल टाकायची, मानाची सुपारी घ्यायची आणि प्रत्येकाला सांगायची, "पुढच्या वर्षी पाट आणू नका हां. शाळा बंद." कुणी हसले, कुणी तब्येतीची चौकशी केली. एक म्हातारे गृहस्थ पाट डोक्यावर घेऊन उभेच राहिले, मग मुलानं त्यांना धरून नेलं.

तिच्याकडे सुर्व्यांचे दोन पाट असायचे. एक जयगडच्या सुर्व्यांचा, घरचा एक मुलगा बंदरात कामाला आणि दुसरा जहाजावर. दुसरे पालीच्या आतल्या बाजूच्या खेड्यातले सुर्वे, भातशेतीवाले, घरातले बाप्ये बहुतेक मुंबईला. दोघांचा गणपती एकाच साच्यातला, दोघांचा पितांबर लाल, दोन्ही पाटांवर नुसतं 'सुर्वे'. दरवर्षी नेणारी माणसं ओळखीची, म्हणून कधी घोळ झाला नाही. त्या वर्षी खेड्यातून मुंबईचा एक पुतण्या आला, तो पहिल्यांदाच. जयगडचे सुर्वे गाडी रस्त्यात लावून आलेले, मागून हॉर्न वाजतायत, हिला प्रत्येकाला शाळा बंदची कथा सांगायची आहे. शशीनं स्वतःच्या हातानं यांचा त्यांना आणि त्यांचा यांना दिला.

दुपारी जेवून मी तिच्याकडे गेले, तर ती रिकाम्या पडवीत केरसुणी घेऊन उभी होती. तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला, कारण हात मातीचे होते. जयगडचे सुर्वे होते.

"बाई, काहीतरी गडबड झाली. हे आमचे नाहीत."

शशी हसली. "अहो सुर्वे, पाट बदलला असेल फार तर. एका साच्यातले, एका रंगाचे, एका हाताचे. खुशाल बसवा."

पलीकडे जरा वेळ कुजबुज झाली. मग सुर्वे अवघडून म्हणाले, "बाई, रागावू नका. रुमाल काढला तशी आईच म्हणाली, हे पाहुणे आलेत, आपले कुठं राहिले? आमचे दाराकडं बघतात. धाकटा जहाजावर असतो ना, तर आई म्हणते, ते त्याच्या वाटेवर असतात. ह्यांची नजर खाली हाय."

शशीनं फोन ठेवला. मी काही बोलायच्या आत तो परत वाजला. या खेपेला खेड्यातला पुतण्या होता, रडकुंडीला आलेला. "बाई, काकी पाट घरात घेऊ देईना. म्हनते, ह्यो आमचा नाय. मी काय करू? घरातले सगळे मला बोलतायत."

ती दोन घरं एकमेकांना ओळखतही नव्हती. शशी स्टुलावर बसली, ज्यावर गणपतींना बसवायची त्याच.

"मंगल, मी केले दोन्ही," ती म्हणाली. "मला फरक कळला नाही. मी दिले ना आत्ता हातानं? मला नाही कळला."

जयगडचे सुर्वे गाडी घेऊन परत आले. मूर्तीच्या तोंडावर पुन्हा रुमाल. शशी म्हणाली, मी येते, मला बघायचंय. ती निघाली म्हणून मीही चप्पल घातली. हातखंब्यापुढे रस्ता खणून ठेवलेला, सुर्वे प्रत्येक खड्ड्याला "मोरया" म्हणत होते आणि मागच्या सीटवर शशी मूर्तीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. खेड्यातलं घर रस्त्याच्या वर, जुनं कौलारू आणि पुढे मुंबईच्या पैशांतून घातलेला स्लॅब. दुसरे गणपती ओटीवरच होते. आजूबाजूची माणसं काही चुकलेल्या लग्नघरातल्यासारखी उभी. अदलाबदल झाली, नवे आत नेले, मखरात ठेवले.

सुर्व्यांच्या घरातली सगळ्यांत मोठी बाई म्हणजे काकी. कंबरेत पार वाकलेली. मखरासमोर खाली पाटावर बसून ती वाती वळत होती. पुतण्यानं रुमाल काढला. काकीनं वात ठेवली आणि बसल्या जागेवरूनच पाहिलं.

"हां. ह्यो आला," ती म्हणाली. "आता लाव बाय दिवा."

शशी तिच्याजवळ जाऊन बसली. "काकी, कसं ओळखलंत हो? सगळं तात्यांसारखंच आहे की. तात्यांचेच डोळे काढते मी."

"तुझ्या बापसाचा?" काकी हसली. "तुझ्या बापसाचा गनपती लय देखना. पन तो समोर बघायचा. दारात कोन आला, कोन गेला, त्याच्यावर ध्यान. मी हितं खाली. माझी मान काय वर व्हत नाय. तो मला दिसायचा न्हाय आन मी त्याला. तू कराय लागलीस तसा तो खाली बघाय लागला, माझ्याकडं. मी म्हनलं, पोरीनं माझं ध्यान ठेवलान."

"मी काही नाही केलं हो," शशी म्हणाली.

"न्हाय कसं? मगाचा आनलास तो परत दाराकडंच बघत व्हता. म्हनून तर घेतला नाय."

काकीनं वात पुन्हा हातात घेतली. मी उभी होते, तिथून मला गणपतीच्या पापण्या तेवढ्या दिसत होत्या. मी गुडघे धरत धरत खाली बसले, शशीच्या बाजूला, आणि वर पाहिलं. तो काकीकडे बघत होता. इतका सरळ की मला आपण दोघांच्या मध्ये आल्यासारखं वाटलं. तीस वर्षं मी त्या पडवीत बसले होते, आणि ही नजर तिच्या हातातून केव्हा निघाली ते मला दिसलं नव्हतं. तिलाही नाही. मला ते आजही पुरतं समजलेलं नाही. मी गणिताची बाई, कारणाशिवाय मला झोप लागत नाही, पण त्या दिवशी मी कारण मागितलं नाही.

ते कारण शशीनंच परतताना सांगितलं. सुर्वे आम्हाला रत्नागिरीत सोडून जयगडला जाणार होते. हातखंबा मागे पडला तशी ती माझ्याकडे वळली.

"तात्या दर्शनाला जायचे ना गणपतीत, तेव्हा ते बाहेर ओटीवर बसायचे, बाप्यांत. चहा तिथंच," ती म्हणाली. "मी आत जायचे. काकीजवळ खाली बसून चहा प्यायचे. आणि जयगडला ह्यांची आई दारातच बसलेली असते, तिथंच मला बस म्हणते."

पुढे गाडी चालवणारे सुर्वे म्हणाले, "व्हय बाई. आई दार सोडीत नाय."

"एवढंच गो. मी कुठे बसले, एवढंच," शशी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून ती घरोघर फिरली. नेहमी दर्शनाला जायचीच, पण या वेळी उलटा निरोप घेऊन. "मी काय बोलले ते विसरा. पाट पाठवा." लोक म्हणाले, आम्ही कुठे मनावर घेतलं होतं. पाट घेऊन उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला करंज्यांचा डबाच दिला.

पुढच्या नागपंचमीला पाट आले आणि "दरसालाप्रमाणे" हा निरोपही आला. शशी मान हलवायची आणि विचारायची, "समोर कोण बसतं?" लोकांना प्रश्नच कळायचा नाही. एक जण म्हणाला, समोर टीव्ही आहे. एक सून हळूच म्हणाली, सगळं आवरून दुपारी मी बसते, पाच मिनिटं. मांडवीच्या एका घरातला माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "समोर आम्ही दोघे भाऊ बसतो. बोलत नाही एकमेकांशी." या घरावर शशीनं फार विचार केला. ते गणपती झाल्यावर मी विचारलं, कुणाकडे बघतायत?

"मोदकाकडे," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा, तू तुझं खाऊन घे."

तिची शंका गेली असं मात्र कुणी समजू नये. पापणीची रेघ मारताना अजूनही हात अडायचा, "हे तात्यांचंच ना?" म्हणून ती माझ्याकडे बघायची. मी भांडायच्या तयारीत असायचे. पण आता भांडायची वेळ यायची नाही. "असू दे गो शंका," ती म्हणायची. "आली आहे तर बसेल बाजूला. तू बसतेस तशी." आणि श्वास आत घेऊन रेघ पुरी करायची. कुंचला तर हातात आहे आणि तो सुनेचा गणपती पाच मिनिटांसाठी थांबलाय, त्याला ताटकळत कसं ठेवणार, असा तिचा साधा हिशेब झाला होता. आणि मला काय वाटायचं सांगू? मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटायचं. वयानं ती माझ्याहून लहान, म्हणून तेवढं राहिलं.

मग माझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलीनं मला पनवेलला कायमचं न्यायचं ठरवलं. पुढे शशीशी फोनवरच बोलणं होत राहिलं, आणि एका पौषात तेही संपलं. तिला शेवटचं पाहिलं ते मी निघाले त्या सकाळी. गणपती जवळ आले होते, आखणी चालू होती. रिक्षा दारात उभी करून मी निरोप घ्यायला गडग्यापलीकडे गेले.

पडवीत कुणी दिसेना. स्टुलावर मोठ्या मूर्तीचं तोंड खिडकीकडे, डोळे नुकतेच झालेले, ओले. मग आवाज आला, "मंगल, पाय सांभाळ." शशी खाली होती. फरशीवर, मातीच्या चुऱ्यात, उताणी. पांढरे केस पसरलेले, पदर कुठेही.

"पडलीस की काय!" मी किंचाळले.

"नाय गो. कुवारबावची ती मुलगी आहे ना, गाडीवरून पडली ती. तिची खाट मखराच्या खोलीतच आहे. कुशीवरही वळता येत नाही तिला." तिनं वर बोट केलं. "ये. झोप इथं. सांग मला, बघतो का."

मी प्रवासाची साडी नेसलेली. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी भिंतीला धरून खाली बसले, मग आडवी झाले, तिच्या खांद्याला खांदा लावून. दोन म्हाताऱ्या, आढ्याकडे तोंड करून. वर तो होता. इतके सुंदर डोळे मी तिच्या हातचेही पाहिले नव्हते. मी पाहत राहिले. मग मला खरं सांगावं लागलं.

"जरा वरून जातोय, शशी. कपाळावरून."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली.

ती कुशीवर वळली, हाताचा रेटा देऊन उठली आणि मलाही हात देऊन उठवलं. माझ्या पाठीवरची माती झटकली. मग ओला बोळा घेतला आणि जगात कुणीही नाव ठेवलं नसतं असं ते बुबुळ हलक्या हातानं पुसून टाकलं. मी येते म्हटलं. ती हूं म्हणाली, कारण श्वास आत धरला होता.

रिक्षा वळली तेव्हा गडग्यावरून उघडी खिडकी दिसली. स्टुलाजवळ कुणी नव्हतं. ती पुन्हा खाली आडवी झाली होती.